डब्यातले खडे, किंग्स्टनच्या मावश्या आणि फिनलंडचं खोकं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की शून्य ते सहा वयाच्या मुलांसाठी जगभर बरंच काय काय चाललंय आणि त्यातलं आपल्या कामाचं फार थोडं आपल्यापर्यंत पोचतं. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की दोन संध्याकाळी नुसत्या वाचण्यात गेल्या. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून पाच निवडलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

आमची मुलगी १४ महिन्यांची आहे. ऑनलाइन जाहिरात बघून नऊ हजारांचं 'ब्रेन किट' मागवलं. फ्लॅशकार्डं, लाकडी वस्तू, काय काय आहे त्यात. ती त्यातलं काही घेत नाही, ते ज्या खोक्यातून आलं त्या खोक्यात जाऊन बसते. बायको म्हणते पैसे पाण्यात. खरंच खेळण्यांनी मेंदू वाढतो का? कुठे सिद्ध वगैरे झालंय का? (एक बाबा, नाशिक)

दादा, सगळे पाण्यात नाही गेले, खोकं वापरतीये ना ती! पण तुमचा प्रश्न फार चांगला आहे, कारण याचं उत्तर खरंच कुणीतरी तीस वर्षं थांबून शोधलंय, आणि तेही जमैकात. हो, उसेन बोल्टच्या जमैकात, आणि गंमत म्हणजे तो जन्मला त्याच वर्षी, १९८६ ला, हे काम सुरू झालं.

किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली ९ ते २४ महिन्यांची १२९ बाळं घेतली. सगळी वयाच्या मानाने उंचीला कमी, आपल्या अंगणवाडीत ज्याला खुजेपणा म्हणतात ती. सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर नावाच्या डॉक्टरबाई आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी त्यांचे चार गट पाडले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर, दुसऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक बाई जाऊन खेळायची, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काही नाही. असं दोन वर्षं चाललं आणि मग बंद झालं. बस, एवढंच.

ह्या घरी जाणाऱ्या बाया म्हणजे तिथल्या आरोग्य केंद्राच्या मदतनीस, आपल्या आशाताईंसारख्याच, डिग्र्या बिग्र्या काही नाही. मी त्यांना मनातल्या मनात किंग्स्टनच्या मावश्या म्हणते. त्यांच्या पिशवीत काय असायचं तर प्लॅस्टिकच्या बाटल्या, बुचं, खोक्यांचे ठोकळे, घरी बनवलेली चित्रांची पुस्तकं. खेळणं घरी ठेवून यायचं, पुढच्या आठवड्यात गेलं की ते परत घ्यायचं आणि दुसरं द्यायचं, म्हणजे नवलाई पण टिकते आणि खर्च पण नाही. आणि मावशी मुख्यतः मुलाशी खेळायला यायचीच नाही, ती आईला खेळायला लावायला यायची, हे लक्षात घ्या. आई लाजायची, मला काय येतंय म्हणायची, मग मावशी करून दाखवायची, आईने केलं की तिचं कौतुक करायची.

आता पुढचं ऐका. ही मुलं बाविशीची झाल्यावर त्यांना शोधून काढलं, त्यातली १०५ सापडली, आणि ज्यांच्या घरी मावशी यायची त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. हे २०१४ ला छापून आलं, नोबेलवाले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन पण त्या कामात होते. पुढे एकतिसाव्या वर्षी परत बघितलं तर ताशी मजुरीतला फरक ४३ टक्के! आणि ज्यांना नुसती पावडर मिळाली होती त्यांना लहानपणी फायदा झाला पण मोठेपणी तो टिकलेला दिसला नाही. याचा अर्थ खायला नको असा कृपा करून काढू नका, उपाशी मुलाला खेळ सुचत नाही हे कुठलीही आजी सांगेल. अर्थ एवढाच की नुसतं पोट भरून भागत नाही, कुणीतरी त्याच्याशी बोलायला खेळायला लागतं.

तर तुमचं किट. वस्तू वाईट नसतील, पण ती कार्डं एकामागून एक डोळ्यासमोर फडफडवायची आणि लेकरानं बघत बसायचं, याला मी खेळ म्हणणार नाही. तिला खोकं आवडतंय तर खोक्यातच काम करा. एका बाजूने बॉल टाका, दुसऱ्या बाजूने काढा, 'कुठे गेला बॉल?' म्हणा, ती शोधेल. पाण्याच्या लहान बाटलीत चार राजम्याचे दाणे टाका, पण झाकण असं पक्कं चिकटवा की तुम्हालाच उघडता येऊ नये (दाणा घशात गेला तर काय होतं ते मी आमच्या बालवाडीत एकदा बघितलंय, आजही अंगावर काटा येतो). भाजी निवडताना तिला शेजारी बसवा आणि बोलत राहा, ही मेथी, ही काडी, काडी इथे टाक. ती अगम्य भाषेत काहीतरी म्हणेल, तिला अगदी शहाण्या माणसासारखं उत्तर द्या. बायकोला सांगा नऊ हजारांचा धडा होता, पुढच्या वेळी स्वस्तात पडेल.

मी अंगणवाडी सेविका आहे, १९ वर्षं झाली. मधून मधून ट्रेनिंगला बोलावतात, गाडीतून पाहुणे येतात, मुलांसोबत फोटो काढतात आणि आम्हाला सांगतात मुलांशी कसं खेळायचं. हे सगळं बाहेरच्या देशातलं आमच्या डोक्यावर कशाला? आम्ही इतकी वर्षं काय करत होतो? (एक ताई, यवतमाळ जिल्हा)

ताई, तुमचा राग बरोबर आहे. फक्त 'बाहेरचं' आणि 'आपलं' यावर थोडं बोलूया, कारण इथे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झालीय आणि आपल्यालाच ते माहीत नसतं.

'अंगणवाडी' हा शब्द कुठून आला? सरकारी जीआरमधून नाही. बालशिक्षणाला आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडकांनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलं, १९२६ ला नूतन बाल शिक्षण संघ निघाला, आणि १९४५ ला त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूळ पद्धत मॉन्टेसरीची, म्हणजे इटलीची, बाहेरचीच. पण ताराबाईंच्या लक्षात आलं की ती घोटीव महागडी साधनं गावात परवडायची नाहीत, मग बिया, शिंपले, खडे, पानं. मुलं शाळेत येत नाहीत? मग बालवाडी त्यांच्या अंगणात न्या. पुढे १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर तर गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतायत आणि तिथेच शाळा. स्वतः मारिया मॉन्टेसरी १९३९ ला मद्रासला अड्यारला आल्या होत्या, काही महिन्यांसाठी म्हणून, आणि महायुद्धात इटली शत्रूपक्षात गेल्याने त्यांना इंग्रज सरकारने इथेच अडकवून ठेवलं, १९४६ पर्यंत. त्या सगळ्या काळात इथल्या किती शिक्षकांनी त्यांच्याकडून शिकून घेतलं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

उलटा प्रवास पण सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, वजन करायचं, ऊब कशी द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. आधी लोकांचा विश्वासच बसत नव्हता की थोड्याच इयत्ता शिकलेली बाई हे करू शकते. २००९ ला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून सांगितलं की पहिल्या आठवड्यात बाळाच्या घरी भेटी द्या, आणि २०११ पासून आपल्या आशाताई देशभर या घरभेटी करतायत. म्हणजे यावेळी माल आपल्याकडून जिनिव्हाला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयात गेला.

आता तुमच्या ट्रेनिंगचं. तुमच्या जिल्ह्यात तर युनिसेफ आणि सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या मदतीने 'आरंभ' हा लहान मुलांच्या वाढीचा कार्यक्रम झालाय, त्यातले पालक मेळावे तुम्ही बघितले असतील किंवा घेतलेही असतील, मला ते मनापासून आवडतात. बापलोक लाजत लाजत येतात आणि मग ठोकळ्यांचा मनोरा रचायला सगळ्यात पुढे तेच, पोरं बाजूला!

पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट ट्रेनिंगची नाहीच, वेळेची आणि मानाची आहे असं मला वाटतं. जमैकाच्या मावशीला दर आठवड्याला त्या घरी जायला वेळ होता आणि अडलं तर विचारायला वरती कुणीतरी होतं. हेच काम मोठं करायला गेले की काय होतं ते कोलंबियात दिसलं. तिथे १४२० मुलांवर करून बघितलं, गावातल्याच बायकांना घेऊन, १८ महिने. संपलं तेव्हा मुलांच्या समजुतीत फरक दिसला, आणि दोन वर्षांनी परत मोजलं तर तो फरक पुसला गेला होता. आपल्या ओडिशात, कटकच्या ५४ झोपडपट्ट्यांमधे ४२१ बाळांवर असंच केलं, तिथे फायदा चांगला दिसला. नंतर ओडिशातल्याच १९२ खेड्यांत एक फार कामाची गोष्ट कळली, घरोघरी जाण्याऐवजी सात-आठ आयांना एकत्र बसवून केलं तरी फायदा तेवढाच, आणि खर्च एक-तृतीयांशाहूनही कमी. खर्च कमी म्हटलं की वरच्यांचे डोळे लगेच चमकतात, म्हणून मी जरा घाबरतच हे लिहितेय, कारण कमी खर्चाचा अर्थ आपल्याकडे 'मग ते पण सेविकेकडेच द्या' असा निघतो. वजनं तुम्ही घ्यायची, टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) तुम्ही वाटायचा, पोषण ट्रॅकर अ‍ॅपमधे फोटो तुम्ही चढवायचा, रेंज नसेल तर गच्चीवर पण तुम्हीच चढायचं, निवडणुकीचं कामही तुम्हीच, आणि मग मानधनाचा विषय निघाला की तुम्ही 'मानसेवी'. पुढच्या वेळी पाहुणे आले की त्यांनाच विचारा, हे अमुक खेळ मी नक्की कुठल्या तासाला घेऊ, माझं वेळापत्रक हे बघा. फोटो काढायच्या आधी विचारा.

माझी मुलगी फिनलंडला आहे, आता बाळंत होईल. तिकडच्या सरकारने खोकंभर बाळंतविडा पाठवलाय, आणि जावई म्हणतात बाळ त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच झोपणार! मी इकडून नऊवारीची झोळी पाठवू का? (होऊ घातलेली आजी, पुणे)

आजी, पहिल्यांदा अभिनंदन. झोळी पाठवा, दुपट्यांबरोबर गोधडी पण पाठवा, फक्त झोपताना बाळाच्या तोंडाशी जाड मऊ काही नको आणि बाळ पाठीवर झोपवायचं, एवढं ऐका त्यांचं.

खोक्याला हसू नका हं. १९३८ ला सुरू झालं ते, तेव्हा फिनलंड गरीब देश होता, विश्वास बसत नाही ना! हजारातली पासष्टेक बाळं वर्षाच्या आत जायची. आधी फक्त गरीब आयांना खोकं द्यायचे, १९४९ पासून सगळ्यांना. आत कपडे, दुपटी, गादी, आणि रिकामं झालं की तेच अंथरूण, कारण तेव्हा कित्येक घरांत बाळाला वेगळी जागाच नसायची.

पण खोक्याची गोष्ट जगभर मिरवली जाते त्यात एक अट गाळून सांगतात. खोकं फुकट, पण चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात तपासायला गेलं तरच. खोक्याच्या मोहाने बाई दवाखान्यात यायची आणि एकदा आली की नर्सबाईच्या नजरेत राहायची, बाळ शाळेत जाईपर्यंत. तिकडे त्या केंद्रांना 'नेउवोला' म्हणतात, तुमच्या मुलीला विचारा, ती आत्ता तिथेच खेपा घालत असेल. बाळं वाचली ती या सगळ्यामुळे, पुठ्ठ्यात जादू नव्हती. नंतर बऱ्याच देशांनी नुसती खोकी वाटली, फोटो छान येतात ना!

आणि पहिल्या बाळंतपणाला जाणार असाल तर डिंक, आळीव इथूनच न्या.

माझं बाळ आठव्या महिन्यात झालं, दीड किलोचं. हॉस्पिटलमधे सिस्टरने ते उघडंच माझ्या छातीशी बांधलं आणि म्हणाली दिवसभर असंच राहा. सासूबाई म्हणतात काचेची पेटी नसेल म्हणून हा गरिबांचा उपाय. आता बाळ घरी आहे, दोन किलो झालंय. चालू ठेवू का? (एक आई, कराड)

ठेवा, नक्की ठेवा, डॉक्टर सांगतील तोपर्यंत, आणि बाळच एक दिवस हातपाय झाडून सांगेल की आता पुरे.

सासूबाईंचं एका अर्थी खरंय, सुरुवात टंचाईतूनच झाली. १९७८, कोलंबियातलं बोगोटा, सरकारी प्रसूती रुग्णालय. पेट्या कमी आणि बाळं जास्त, एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन, त्यामुळे एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळं सरळ आयांच्या छातीवर ठेवायला सुरुवात केली, कांगारूच्या पिशवीसारखी. ऊब आईची, दूध हाताशी, आणि आई जवळ असल्याने बाळाने श्वासात जरा काही वेगळं केलं की तिला लगेच कळतं.

पण ही पद्धत 'गरिबांची' राहिली नाही, स्वीडनमधल्या सगळं काही असलेल्या हॉस्पिटलांनीही घेतली. आणि २०२१ ला मोठा अभ्यास आला, घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपला भारत, आपल्याकडचं हॉस्पिटल दिल्लीचं. एक किलो ते एक किलो आठशेची बाळं. आधी बाळ स्थिर होऊ द्यायचं मग छातीशी, अशी पद्धत होती, इथे जन्मल्याबरोबर सुरू केलं, आणि मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मधेच थांबवला, कारण उरलेल्या बाळांना वाट बघायला लावणं बरोबर नव्हतं. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्लाच बदलला, लगेच सुरू करा म्हणून.

यात बाबा पण चालतात बरं का, सासूबाई पण! खरं तर एक दिवस दुपारी त्यांच्याच छातीशी बाळ द्या आणि तुम्ही दोन तास झोपा. मला वाटतं मग त्या पेटीचं नाव काढणार नाहीत.

तुम्ही जगभरच्या परिषदा आणि जाहीरनामे कौतुकाने सांगता. त्याने एका तरी पोराचं भलं झालं का? आणि जाता जाता, माझा नातू अडीच वर्षांचा आहे, मोबाईल दाखवल्याशिवाय जेवत नाही. यावर पण काही जाहीरनामा आहे का? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

सर, टोमणा पोचला. एकेका पोराचं नाव नाही सांगू शकत, पण १९९० ला जगात पाच वर्षांच्या आतली सव्वा कोटी मुलं वर्षाला मरत होती, २०२२ ला ४९ लाख. लसी, मिठाचं-साखरेचं पाणी, घरभेटी, आयांचं शिक्षण, सगळ्याचा वाटा आहे त्यात. परिषदांचा किती ते तुम्ही ठरवा, मला स्वतःला जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंचा २०१८ चा 'संगोपन आराखडा' कामाचा वाटतो, कारण त्यात पहिल्यांदा आरोग्य आणि पोषणाच्या शेजारी सुरक्षितता, शिकण्याची संधी आणि मुलाच्या इशाऱ्याला मोठ्यांनी दिलेला प्रतिसाद हे तीन जोडून सरकारांसमोर ठेवले. त्याच्या दोनच वर्षं आधी हिशेब आला होता की गरीब आणि मध्यम देशांतली २५ कोटी लेकरं जगतायत खरी पण जितकी फुलायला हवीत तितकी फुलणार नाहीत असा धोका आहे. वाचवायचं जमलं, पुढचं जमत नाहीये, ही तक्रार तुमची असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.

मोबाईलचा पण आहे जाहीरनामा, सर! जागतिक आरोग्य संघटनेचा, २०१९ चा. दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वयात दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको आणि जितकं कमी तितकं बरं. पण तुमचा प्रश्न तासांचा नाही, जेवणाचा आहे. नातवाला भूक लागायच्या आधी ताट समोर येत असेल तर तो जेवत नाही आणि मग मोबाईल येतो. मधलं बिस्किट बंद करून बघा. आणि तुम्ही शेजारी बसून तुमच्या ताटातलं जेवा, त्याला हाताने खाऊ द्या, सांडेल, भिंतीला वरण लागेल. पहिले तीनचार दिवस घरात युद्ध होईल, सूनबाईंना आधी विश्वासात घ्या नाहीतर खापर माझ्यावर फुटेल. तुम्ही स्वतः जेवताना बातम्या बघत असाल तर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

पुढच्या अंकात पाळणाघरांवर घेतेय, बरेच प्रश्न आलेत. लिहून पाठवा प्लीज, सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज नकोत.